पदवीच्या मुलांसाठी उन्हाळी संशोधन फेलोशिप: खाजनाच्या इतिहासावर काम करायचंय, अर्ज कुठे करू?

अंत्रुजची_लेक

नमस्कार मंडळी. मी फोंडा तालुक्यातली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, मुख्य विषय इतिहास. घर दुर्भाटच्या बाजूला. खाली खाजन (खाडीचं पाणी बांधाने अडवून केलेली शेतजमीन), पलीकडे जुवारी नदी. आजोबांच्या वेळी जिथे भात व्हायचं त्यातल्या बऱ्याच भागात आता तिवरं वाढलीत. का, म्हणून गावात विचारलं तर जितकी तोंडं तितकी उत्तरं. कोणी म्हणतो बांध फुटला तो कोणी बांधलाच नाही. कोणी म्हणतो मानशीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) पावणी, म्हणजे तिथल्या मासळीचा लिलाव, घेतलेल्याने मासळीच्या लोभाने खारं पाणी आत घेतलं. कोणी सरळ कुळकायद्याला शिव्या घालतो.

येत्या उन्हाळ्यात मला यावरच नीट काम करायचं आहे. इतिहासाच्या पदवीच्या मुलांना अशा विषयासाठी फेलोशिप मिळते का? विज्ञानवाल्या मैत्रिणींना मिळतात, म्हणून विचारते. पोर्तुगीज येत नाही, त्याने सगळं अडेल का? आणि बाबा म्हणतात, "फुकटच राबायचं तर घरचं कुळागर (नारळ-सुपारीची बाग) आहे की." त्यांनाही काहीतरी उत्तर द्यायला हवं.

कुळागर

बाय, मी कॉलेजात शिकवतो, त्यामुळे कडू ते आधी सांगतो. 'पर्यावरणाचा इतिहास' अशी पाटी लावून पदवीच्या मुलांना उन्हाळ्यात पैसे देणारी योजना शोधण्यात सुट्टी घालवू नकोस. आयसीएचआर (इतिहास संशोधन परिषद) आणि आयसीएसएसआर (समाजविज्ञान संशोधन परिषद) यांच्या फेलोशिपा मुख्यतः पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आणि त्यापुढच्यांसाठी असतात. तुझ्या मैत्रिणींना जी मिळते ती बहुधा तीन विज्ञान अकादम्यांची (बंगळूर, दिल्ली, प्रयागराज). दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे काम करायचं. विषय म्हणजे जीवशास्त्र, भूशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, अभियांत्रिकी. इतिहासाचा रकाना तिथे नाही. शिवाय अर्ज आदल्या वर्षीच, दिवाळीच्या आगेमागे भरावे लागतात. एप्रिलात जाग येणाऱ्याला काही मिळत नाही. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्राची उन्हाळी फेलोशिपही विज्ञानाचीच.

आयआयटी गांधीनगरच्या उन्हाळी इंटर्नशिपमध्ये मानव्यविद्येचे प्रकल्प असतात, तिकडे लक्ष ठेव. पण तिथे विषय त्यांचा असतो, तुझ्या खाजनाचा नव्हे.

आता वाट कुठून आहे ते. पहिली, जोडीने जायचं. वनस्पतिशास्त्र किंवा भूशास्त्राची मैत्रीण असेल तर ती तिवरांवर किंवा मातीतल्या क्षारांवर विज्ञानाच्या बाजूने अर्ज करते, तू त्याच जागेचे कागद वाचतेस. दुसरी, कॉलेजच्या श्रेयांकांतून. यूजीसीच्या नव्या रचनेत पदवीच्या मुलांना इंटर्नशिपचे श्रेयांक मिळतात. चौथं वर्ष 'संशोधनासह ऑनर्स' करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि पुढे १२ श्रेयांकांचा प्रबंध असतो. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत जमवलेला मालमसाला तिथे कामी येतो. बाबांना हेच सांग. पैसे मात्र यातून सुटत नाहीत, ते खरं.

आणि मार्गदर्शक आधी, फेलोशिप नंतर. मुलं याच्या उलट करतात आणि मग मार्च संपताना सगळ्या विभागांना एकच मेल पाठवत सुटतात.

गावठी_विद्वान

+१. वाचनखूण साठवली. धाकट्या भावाला पाठवतो.

मांडवीकाठ

फेलोशिपचं कुळागरसरांनी सांगितलंच. मी प्रश्नाबद्दल लिहितो, कारण अर्ज वाचणारा पहिल्यांदा तेच बघतो. 'गोव्याच्या खाजनांचा पर्यावरणीय इतिहास' असं लिहिलंस तर अर्ज बाजूला पडेल. तो दहा माणसांचा दहा वर्षांचा विषय आहे. तुझ्या पोस्टमध्ये त्यापेक्षा चांगला प्रश्न पडलेला आहे: एका मानशीची जबाबदारी कोणाकडून कोणाकडे गेली, आणि त्याबरोबर पाणी कसं बदललं.

जे गोव्याबाहेरून वाचताहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. खाजन म्हणजे खाडीच्या भरतीपासून बांध घालून सोडवलेली जमीन. बांधात मानस असते, तिची लाकडी दारं ओहोटीला पाण्याच्या दाबाने उघडतात, भरतीला आपोआप मिटतात. आतलं पाणी बाहेर जातं, खारं आत येत नाही. पावसाळ्यात कोरगुटासारखं खारं सोसणारं भात. आणि मानशीच्या तोंडाशी जी मासळी-सुंगटं (कोळंबी) मिळतात ती धरण्याचा हक्क पावणीला, म्हणजे लिलावाला, काढतात. भात पिकवणारा आणि मासळी धरणारा यांना पाणी वेगवेगळ्या वेळी हवं असतं. खाजनाचं सगळं राजकारण या एका दाराशी चालतं.

पूर्वी बांधाची देखरेख गांवकारीकडे, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या सामायिक संस्थेकडे, होती. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर, आणि विशेषतः 'कसेल त्याची जमीन' आणणाऱ्या १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीनंतर, जमीन कुळांकडे गेली. बांधांची सामायिक जबाबदारी कुळांच्या संघांवर आली, त्याचे नियम १९७५ चे आहेत. त्या नियमांत पुस्तकी काही खोट नाही. पण ज्या कुळाला भातापेक्षा पावणीच्या पैशातला वाटा जास्त मिळतो, तो बांधावर चिखल टाकायला का जाईल? अर्थात हा माझा तर्क झाला. तुझ्या गावात तसंच झालं की नाही, हे शोधणं तुझं काम. कुळकायद्यावर सगळं ढकलणं भाटकारांच्या (जमीनदारांच्या) घरात फार सोयीचं पडतं, एवढं ध्यानात ठेव.

कागद कुठे? कुळ संघाच्या बैठकांची वही आणि पावणीचे आकडे. मामलेदार कचेरी. आणि सगळ्यात सोपा म्हणजे एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा म्हण). त्यात भातजमिनीचे खाजन, केर, मोरड असे वेगळे रकाने आहेत. आज जिथे तिवरं दिसतात ती जमीन उताऱ्यावर खाजन म्हणून नोंदलेली असेल तर तुझं पहिलं पान तिथेच तयार झालं. त्यावर उपग्रहाची चित्रं ठेव. लँडसॅटची १९७२ पासूनची फुकट मिळतात. अमेरिकेने १९६० च्या दशकात हेरगिरीसाठी काढलेली कोरोना उपग्रहाची चित्रंही १९९५ मध्ये खुली झाली. कुळकायद्याआधीचं गोवा वरून बघायला मिळणं ही चैन आहे.

मोडीप्रेमी

मांडवीकाठ यांनी गांवकारी म्हटल्यावर आता कोणीतरी १५२६ चा फोराल (पोर्तुगीज सनद) आणणारच, म्हणून आधीच सांगतो. अफोंसो मेशियाचा तो फोराल तिसवाडीच्या गांवकारींचे रिवाज नोंदवतो. फोंडा पोर्तुगीजांकडे आला १७६३ मध्ये, त्याआधी तो सोंदेकरांकडे, म्हणजे सोंद्याच्या राजांकडे, होता. जुन्या काबिजादीतलं (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या तिसवाडीसारख्या भागातलं) वाचून नव्या काबिजादीतल्या (फोंड्यासारख्या नंतर घेतलेल्या भागातल्या) गावाला चिकटवायचं, ही खोड मोठमोठ्या लेखांत दिसते. परीक्षक जाणकार असेल तर तो तिथेच पकडेल.

पोर्तुगीजचं विचारलंस. पणजीचं पुराभिलेखागार १५९५ चं, इतिहासकार दियोगु दु कोउतु त्याचा पहिला प्रमुख. तिथे पोर्तुगीजचा डोंगर आहे, पण मोडीही आहे, गोंयकानडी लिपीतलेही कागद आहेत. नव्या काबिजादीवर काम करणाऱ्याने आधी मोडीकडे वळावं असं माझं मत. मराठी येणाऱ्याला मोडी महिन्याभराच्या सरावात डोळ्याखालून जायला लागते. पोर्तुगीजपैकी तुला सगळी भाषा नको. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी सरकारी राजपत्रं आहेत, बोलेतिम १८३७ पासून निघत होतं. त्यातल्या जाहिराती, तक्ते, आकडे ठरावीक साच्याचे असतात. भात, मीठ, बांध, लिलाव एवढ्यांचे शब्द पाठ केलेस की तक्ता वाचता येतो.

पर्वरीचा_पाऊस

मोडीप्रेमी, दोन महिन्यांत मोडीही शिकायची, पोर्तुगीज तक्तेही वाचायचे, बांधावरही फिरायचं? पोरीला मारता काय?

मोडीप्रेमी

आम्ही नोकरी सांभाळून शिकलो हो.

पर्वरीचा_पाऊस

तुम्ही शिकलात, कारण तुम्हाला कोणी जूनअखेर अहवाल मागत नव्हता. उन्हाळी फेलोशिपमध्ये एकच जातीचं साधन धरावं. एकतर १९६१ नंतरचं, म्हणजे मराठी-इंग्रजी कागद आणि माणसांच्या आठवणी. नाहीतर पुराभिलेखागारातला एखादा छोटा संच, आणि बांधाला नमस्कार. दोन्ही करतो म्हणणाऱ्यांच्या हातात शेवटी झेरॉक्सचा गठ्ठा उरतो. हिचा प्रश्न कुळकायद्यानंतरचा आहे, मग सोंदेकर कशाला मध्ये?

मिठागर_आगरवाडा

खाजन-खाजन ऐकून राहवेना. खाजनाच्या शेजारचं मिठागर कोणाला दिसत नाही का? ज्यांना पोर्तुगीज येत नाही आणि तरी जुन्या काळातच जायचं आहे, त्यांच्यासाठी मिठासारखा विषय नाही.

१८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीजांमध्ये तह झाला. अंमल १८८० पासून. गोव्यातल्या मिठाचा मक्ता ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्या हातात गेला आणि त्याबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळायचे. गोव्यातलं स्वस्त मीठ घाटावर चोरून जाऊन इंग्रजांचा मीठकर बुडू नये, हा हेतू. उत्पादनावर बंधनं आली, आगरं बंद पडली. १८९२ मध्ये तह संपला. म्हणजे बारा वर्षं गोव्यातल्या भरतीच्या पाण्यावर मुंबईहून हुकूम चालत होता! याच तहातून मुरगावचं बंदर आणि रेल्वे आली. ती गोष्ट सगळे सांगतात. आगरात काम करणाऱ्या मिठगावड्यांचं काय झालं ते फार थोडे विचारतात.

आता यातली सोय बघा. मक्ता इंग्रजांचा, म्हणून कागदांची एक बाजू इंग्रजीत. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचं पुराभिलेखागार आहे, तिथे मुंबई इलाख्याच्या महसूल खात्याचे दप्तर चाळता येतात. मुंबईला कोणा नातेवाइकाकडे पंधरा दिवस राहायची सोय असेल तर पदवीच्या विद्यार्थ्याला झेपेल असा विषय आहे हा. शिवाय एप्रिल-मेमध्ये आगरं चालू असतात. मुंबईत कागद वाचून परत आलं की गोव्यात आगरात जाऊन बघता येतं. पाऊस पडला की आगर पाण्याखाली.

डिचोलीकर_३

खाजन आणि मीठ, म्हणजे पुन्हा किनारपट्टीच. आमच्या खाणपट्ट्यातली मुलं काय करणार? आमच्याकडे पावसात डंपाची (खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगाऱ्याची) लाल माती शेतात उतरते, पिढ्यान्पिढ्यांची शेतं गेली. उन्हाळी प्रकल्पाला याहून जवळचा विषय कुठला? कागदही इंग्रजीत. पोर्तुगीज काळातल्या खाण सवलती १९८७ च्या कायद्याने रद्द होऊन लीज झाल्या. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली. २०१८ मध्ये ८८ लीजांची नूतनीकरणं रद्द झाली. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आहे, निकाल सगळे उघड वाचायला मिळतात.

पर्वरीचा_पाऊस

विषय एक नंबर. पण वीस वर्षांच्या मुलाने आपल्याच गावात खाणीवर मुलाखती घ्यायच्या, जिथे अर्ध्या घरांचे ट्रक उभे आहेत? मार्गदर्शक तिथे येऊन राहणार नाही. त्यापेक्षा खाणीआधीच्या शेतांचा नकाशा करावा, पाट कुठून जायचा, बंधारा कोण घालायचा. माणसं तेवढं खुशीने सांगतात.

डिचोलीकर_३

खुशीने सांगतात तेवढंच विचारायचं असेल तर मग इतिहास कशाला म्हणायचं. पण मुद्दा कळला. जुन्या पाटांपासून सुरुवात करणं वाईट नाही.

माजी_इंटर्न

पैशांचं कोणी नीट बोलत नाहीये. मी पदवीला असताना एका संस्थेत उन्हाळ्यात काम केलं. नाव घेत नाही. 'संशोधन सहभाग' असं पत्रावर होतं. प्रत्यक्षात भर मे महिन्यात घरोघर फिरून प्रश्नावल्या भरल्या. बसचं भाडं खिशातून. अहवाल छापून आला त्यात आम्हा मुलांची नावं आभारातही नव्हती. ज्यांच्या घरी बापाची पेन्शन आहे त्यांना असला 'अनुभव' परवडतो. ज्याला सुट्टीत किनाऱ्यावरच्या शॅकवर काम करून फी काढायची आहे त्याला नाही. मग गोव्याच्या गावांचा इतिहास कोण लिहिणार ते तिथेच ठरून जातं.

म्हणून बाय, पहिल्या दिवशीच लेखी माग: मानधन किती, प्रवासखर्च वेगळा की त्यातच, मुलाखतींची रेकॉर्डिंग कोणाकडे राहणार, लेख झाला तर तुझं नाव कुठे. चार ओळींचा मेल पुरतो. विचारलं म्हणून कोणी रागावला तर तिथे जाऊ नकोस.

कुळागर

माजी_इंटर्न यांच्याशी शंभर टक्के सहमत, शिक्षक असूनही. भर एवढीच की कॉलेजच्या प्राचार्यांना प्रवास आणि झेरॉक्सपुरते पैसे मागायला लाजू नये. विषय गावाचा असेल तर पंचायतीला विचारावं. मोठं मानधन कोणी देणार नाही, पण पदरचा खर्च वाचतो.

झरीवयली_वहिनी

मी काही संशोधक नव्हे, पण माझ्या सासरच्या खाजनावर बरेच लोक पेन-वही घेऊन येऊन गेले म्हणून लिहिते. येणारे सगळे पुरुषांकडे जातात, संघाच्या अध्यक्षाकडे जातात. रोप लावणाऱ्या, कापणी करणाऱ्या, पोंयीत (खाजनातल्या तळ्यात) खुबे-तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांना कोणी विचारत नाही. पाणी खारट कधी व्हायला लागलं ते त्यांना आधी कळतं, कारण विहिरीचं पाणी त्याच भरतात.

आणि 'पर्यावरण' हा शब्द घेऊन जाऊ नकोस, समोरचा लगेच भाषण द्यायला बसतो. कोरगुट शेवटचं कोणत्या वर्षी लावलं, बियाणं कोणाकडून आणलं, पोटात थोरला होता की धाकटा, असं विचार. वर्ष आपोआप निघतं. मिरग लागला की मात्र कोणाच्या दारात जाऊ नकोस, तेव्हा कोणाला वेळ नसतो.

मांडवीकाठ

वहिनींचं सोनं आहे. 'पोटात थोरला होता की धाकटा' ही पद्धत मुलाखतीच्या पुस्तकांत यायला हवी.

एक सावधगिरीचं राहिलं. तुझ्या मानशीवर किंवा बांधावर कोर्टात दावा चालू आहे का ते आधी बघ. असला तर तुझी मुलाखत उद्या कोणीतरी पुरावा म्हणून फडकावेल. नावं बदलून लिही, बोलणाऱ्याला रेकॉर्ड करण्याआधी विचार, आणि 'हे छापू नको' म्हणाला तर खरंच छापू नको. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यातल्या खाजनांचे नकाशे करून ती राखायची असं वेगळं कलम आहे. त्यामुळे अमुक जमीन खाजन की नाही या वाक्याला पैशांची किंमत आहे. गावात तू 'शिकणारं पोर' असलीस तरी जमिनीच्या दलालांना तुझा नकाशा हवाच असतो.

अंत्रुजची_लेक

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. आमच्या इतिहासाच्या बाईंशी बोलले, त्या मार्गदर्शक व्हायला तयार आहेत. वनस्पतिशास्त्रातली मैत्रीण तिवरांचं बघणार. अर्जातला प्रश्न असा लिहिलाय, फाडून टाका:

"१९६४ ते २००० या काळात दुर्भाट परिसरातील खाजन व्यवस्थापनात झालेले बदल आणि त्यांचे सामाजिक, आर्थिक व पर्यावरणीय परिणाम यांचा अभ्यास."

पर्वरीचा_पाऊस

सरकारी निविदा वाटते. 'सामाजिक, आर्थिक व पर्यावरणीय' काढ, त्यात सगळं जग आलं. परिसर काढ, एक मानस घाल.

मांडवीकाठ

२००० का? त्या साली काय झालं? काही झालं नसेल तर शेवट तुझ्या जागेवरून ठरव. भात शेवटचं कधी लावलं ते वर्ष घे.

अंत्रुजची_लेक

"आमच्या वाड्याखालच्या मानशीची पावणी १९७६ नंतर कोणी, किती रुपयांना घेतली, त्यातले बांधावर किती खर्च झाले, आणि त्या मानशीमागच्या शेतांत भात कोणत्या वर्षी थांबलं?"

कुळागर

हा प्रश्न. अर्जात शेवटी एक ओळ घाल की अहवालाची मराठी प्रत संघाला आणि पंचायतीला देणार. देणार असशील तरच घाल.

मिठागर_आगरवाडा

मिठाचं कोणी घेतलं नाही ते नाहीच. असो. पुढच्या वर्षी तरी कोणी घ्या, आगर दाखवायला मी आहे.

अंत्रुजची_लेक

संघाच्या खजिनदारांना फोन केला होता. जुन्या वह्या आहेत म्हणाले, पण दोन वह्यांना वाळवी लागलीय आणि घराबाहेर काढू देणार नाहीत. तिथेच बसून मोबाइलवर फोटो काढायची परवानगी मिळाली. सगळ्यात जुनी वही कोणत्या सालची ते त्यांनाही ठाऊक नाही. आजोबा म्हणतात पहिल्या काही पानांवर 'काहीतरी गोल गोल लिहिलंय'.

मोडीप्रेमी

पर्वरीचा_पाऊस यांनी कान बंद करावेत. बाय, ती पानं आधी काढ. फोटो सरळ वरून, उजेड खिडकीचा, फ्लॅश नको, पानाच्या कडेला पट्टी ठेव म्हणजे आकार कळेल. वाळवी लागलेली वही उलगडताना घाई करू नकोस. इथे टाकू नकोस, व्यक्तिगत निरोपात पाठव, पावणीच्या पानांवर लोकांची नावं असतात. मोडी निघाली तर वाचून देतो. कोणाच्या तरी घाईघाईच्या सह्या निघाल्या तर तसंही कळवतो.